वेतनाच्या रेषेखालचे सुमो मल्ल

व्यावसायिक सुमोची उतरंड सहा विभागांची असून त्यांपैकी वरच्या दोन, म्हणजे माकुउची आणि जूर्यो, या विभागांतील ७० मल्लांनाच जपान सुमो संघटनेकडून दरमहा वेतन मिळते. या वेतनधारकांना ‘सेकितोरी’ म्हणतात. उरलेले पाचशेच्या आसपास मल्ल माकुशिता, सान्दानमे, जोनिदान आणि जोनोकुची या खालच्या चार विभागांत झुंजतात. त्यांच्या जेवणाखाण्याची व राहण्याची सोय होत असली, तरी पगार म्हणून त्यांच्या हाती काही पडत नाही. जूर्योतील मल्लाचे मासिक वेतन दहा लाख येनहून अधिक असते, तर त्याच्या लगतच्या माकुशितातील मल्लाला दर दोन महिन्यांनी होणाऱ्या स्पर्धेमागे सुमारे १ लाख ६५ हजार येनांचा भत्ता मिळतो. सुमोविषयीचे बहुतेक लेखन योकोझुना या सर्वोच्च पदाभोवती फिरत असले, तरी मल्लाच्या आयुष्याची खरी विभागणी या रेषेवर होते आणि बहुसंख्यांना ती कधीच ओलांडता येत नाही.

मल्लांचे स्थान ‘बान्झुके’ या क्रमवारीपत्रकाने ठरते. ते दर स्पर्धेपूर्वी पंच कुंचल्याने लिहून काढतात आणि मग त्याच्या छापील प्रती निघतात. वरच्या मल्लांची नावे त्यात ठसठशीत असतात, पुढे ती बारीक होत जातात, आणि जोनोकुचीतील नावे तर इतकी केसासारखी बारीक असतात की भिंग घेतल्याशिवाय ती लागत नाहीत. सेकितोरी पंधरा दिवसांत पंधरा कुस्त्या लढतो, तर खालच्या विभागांतील मल्लाच्या वाट्याला सातच येतात. त्यांपैकी चार जिंकल्या की तो वर सरकतो, चार हरल्या की खाली घसरतो. एवढ्या थोड्या कुस्त्यांत एखादी चूकही महागात पडते. त्यातही या कुस्त्या सकाळी साडेआठच्या सुमारास सुरू होत असल्याने टोकियोच्या कोकुगिकान सभागृहातील बहुतेक खुर्च्या त्या वेळी रिकाम्याच असतात.

मल्ल ज्या निवासी तालमीत राहतो तिला ‘हेया’ म्हणतात आणि तिचा प्रमुख, ‘ओयाकाता’, हा स्वतः निवृत्त मल्ल असतो. तेथे सर्वांत कनिष्ठ मल्ल पहाटे उठून उपाशीपोटीच सरावाला उतरतात, पण आंघोळ आणि जेवण यांत त्यांचा क्रम शेवटचा असतो, त्यामुळे मांस, मासे, भाज्या व टोफू एकत्र शिजवलेल्या चान्कोच्या भांड्यातील चांगले तुकडे तोवर बहुधा संपलेले असतात. स्वयंपाक, झाडलोट आणि कपडे धुणे हीही त्यांचीच कामे. शिवाय ते सेकितोरींचे ‘त्सुकेबितो’, म्हणजे सेवक, होतात: त्यांचे सामान वाहतात, आंघोळीच्या वेळी पाठ चोळतात. थोडक्यात, वरच्यांचा डौल खालच्यांच्या बिनपगारी श्रमांवर उभा आहे. पोशाखही पद सांगतो. जोनोकुची आणि जोनिदानमधील मल्लांना ऐन हिवाळ्यातही पातळ सुती युकाता आणि लाकडी खडावा घालूनच बाहेर पडावे लागते.

ही शिस्त कधी क्रौर्याकडे झुकते, हेही नाकारता येत नाही. २००७ मध्ये एका हेयात १७ वर्षांच्या शिकाऊ मल्लाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. तेथील प्रमुखाला संघटनेने काढून टाकले आणि पुढे न्यायालयाने त्याला तुरुंगवासाची शिक्षा दिली.

वर पोहोचलेल्यालाही वेतनाची रेषा सोडत नाही. ओझेकी या दुसऱ्या क्रमांकाच्या पदापर्यंत गेलेला तेरुनोफुजी गुडघ्याच्या दुखापती व आजारपण यांमुळे घसरत २०१९ मध्ये जोनिदानमध्ये आला आणि तेथून पुन्हा चढत २०२१ मध्ये योकोझुना झाला. हा अपवाद आहे, आणि नियम बहुधा हानाकाझेसारख्यांच्या कारकिर्दीत अधिक स्पष्ट दिसतो: १९८६ मध्ये दाखल झालेला हा मल्ल सान्दानमेच्या वर कधी गेला नाही, तरी ५१ वर्षांचा होईपर्यंत लढत राहिला आणि २०२२ मध्ये निवृत्त झाला. अशा मल्लाला निवृत्तीनंतर ओयाकाता होता येत नाही, कारण त्यासाठी सेकितोरी म्हणून ठरावीक काळ काढलेला असावा लागतो. म्हणून कोणी हेयात शिकलेल्या स्वयंपाकाच्या बळावर चान्कोचे उपाहारगृह काढतो, कोणी वृद्धांच्या शुश्रूषेचे काम धरतो, तर मोजक्या काहींना संघटनेतच स्पर्धांची व्यवस्था पाहण्याची नोकरी मिळते.