गाईचा सौदा आणि स्वीडनचा संसार



गेल्या महिन्यात गट ऑफिसात बिलाच्या चौकशीला आलेल्या सभासदांत चहावर वाद लागला. एकाचा मुलगा स्वीडनमध्ये नोकरीला आहे. ते कौतुकाने सांगत होते, "तिकडं मूल झालं की आईबरोबर बापालासुद्धा पगारी रजा. दवाखाना नावापुरत्या पैशात. तिथल्या पोरांना कॉलेजची फी नाही." त्यावर पहिल्या गळितापासून शेअर्स असलेले एक आजोबा म्हणाले, "अरे, मूठभर माणसांचा देश तो. एवढ्याशा घराचा कारभार कुणीबी करंल. आपल्याएवढं खटलं असतं म्हंजे कळलं असतं!"

गाडी आली म्हणून वाद तिथेच राहिला, पण आमच्या डोक्यातून काही जाईना. म्हणून थोडे वाचन केले. ते सभासदांपुढे ठेवीत आहोत.

आजोबांचा आकडा बरोबर आहे. स्वीडनची वस्ती आज सुमारे १ कोटी ५ लाख. २०११ च्या शिरगणतीत एकट्या महाराष्ट्राची ११ कोटी २४ लाख भरली. मुलूख मात्र तिकडचा मोठा, साडेचार लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या दीडपट. पण बराचसा जंगल आणि उत्तरेला बर्फ. तरीही लहान घर म्हणून संसार सुखाचा, हे काही पटत नाही. कारण हे घर पूर्वीही लहानच होते. १८६७-६८ साली तिथे दुष्काळ पडला. १८५० ते १९३० या काळात बारा लाखांवर माणसे देश सोडून गेली, त्यातली बहुतेक अमेरिकेला. १९३१ च्या मे महिन्यात ओडालेन भागात संपकऱ्यांच्या मोर्चावर लष्कराने गोळ्या झाडल्या, पाच माणसे मेली. संप आणि टाळेबंदीत त्या काळी हा देश जगात पुढच्या रांगेत होता. मग बदलले काय?

आमच्या मते याचे उत्तर १९३३ सालच्या एका सौद्यात आहे, आणि तो सौदा शेतकऱ्याने केलेला आहे.

जागतिक मंदीत लोण्याचे आणि धान्याचे भाव कोसळले होते. शहरात दीड लाखाहून अधिक कामगार बेकार. कामगारांचा पक्ष म्हणे, खाणे स्वस्त हवे, बाहेरून येऊ द्या. शेतकऱ्यांचा पक्ष म्हणे, आमच्या दुधाला दर द्या, आणि बेकारांच्या कामावर कर उधळू नका. हे भांडण आपल्याला नवे नाही. कांदा वधारला की शहरात ओरड, कांदा पडला की तो शेतातच नांगरायचा.

१९३२ च्या निवडणुकीनंतर पेर आल्बिन हान्सन यांचे कामगार पक्षाचे सरकार आले, पण बहुमत नव्हते. शेतकरी पक्षाचा जुना पुढारी बोलणी करायला तयार होईना. तेव्हा त्याच पक्षातले आक्सेल पेर्सन पुढे झाले. हा दक्षिणेकडचा खरा शेतकरी. ब्राम्स्तोर्प हे त्यांच्या शेतवाडीचे नाव, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे ते त्यांच्या नावाला जोडले गेले. आपल्याकडे असते तर ब्राम्स्तोर्पकर म्हटले असते. पुढाऱ्याला बाजूला ठेवून त्यांनी बोलणी केली आणि मे महिन्यात करार झाला. कामगार पक्षाने दुधा-लोण्याच्या दराला संरक्षण मान्य केले आणि स्वस्त मार्गारिनवर कर बसवला. मार्गारिन खाणारा कोण? तर त्यांचाच गरीब मतदार. शेतकऱ्यांनी बेकारांसाठी सरकारी कामे मान्य केली, आणि तीसुद्धा बाजारच्या मजुरीने. आधी दुष्काळी कामासारखी कमी मजुरी असे.

लोकांनी चेष्टेने याला 'कोहांडेल' म्हटले, म्हणजे गाईचा सौदा. आपल्या बैलबाजारात हातावर टॉवेल टाकून आतल्या आत बोटे धरतात, तसाच हा सौदा आधी टॉवेलाखाली ठरला आणि मग पार्लमेंटात उघड झाला. दोघांनीही आपल्याला जड जाईल असे काहीतरी सोडले, म्हणून तो टिकला.

शेजारच्या डेन्मार्कमध्ये असाच करार त्याच वर्षी ३० जानेवारीला झाला. योगायोग असा की नेमक्या त्याच दिवशी जर्मनीत हिटलर चॅन्सेलर झाला. जर्मनीत शेतकरी आणि कामगार यांची अशी गाठ कधी पडली नाही. उत्तरेकडच्या खेड्यांनी हिटलरच्या पक्षाला भरभरून मते दिली. पुढे शेतमालाला दर बांधून मिळाले खरे, पण शेतकऱ्यांच्या साऱ्या स्वतंत्र संघटना आणि सहकारी संघ एका सरकारी संस्थेच्या दावणीला बांधले गेले. दर मिळाला, आणि बोलायचे तोंड गेले.

अमेरिकेची गोष्ट वेगळी. तिथे रूझवेल्ट यांनी त्याच मे महिन्यात शेतीचा कायदा केला. भाव चढावेत म्हणून उभा कापूस नांगरून टाकला, सुमारे साठ लाख डुकरे मारली, आणि त्याबद्दल भरपाई दिली. पण पैसा प्रामुख्याने गेला जमीनमालकाला. दक्षिणेतला वाटेकरी, त्यात बरेच काळे लोक, जमीन पडीक ठेवायची म्हणून झोपडीसकट बाहेर निघाला. १९३५ च्या पेन्शन कायद्यातून शेतमजूर आणि घरकामाच्या बायका वगळल्या गेल्या. १९३८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, ताशी २५ सेंट. त्यातही शेतमजूर नाही. त्याला आत यायला १९६६ उजाडले.

त्याच १९३८ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ साल्तशोबादेन या समुद्रकाठच्या गावी कामगार संघटना आणि मालक संघटना हॉटेलात बसल्या आणि भांडायचे कसे, मिटवायचे कसे याचा करार करून उठल्या. सरकार मध्ये नव्हते. ऐकून नवल वाटेल, पण स्वीडनमध्ये आजही किमान वेतनाचा कायदा नाही! दहापैकी जवळजवळ नऊ कामगारांचा पगार अशा करारांनी ठरतो. अमेरिकेत कायदा आहे, पण केंद्राचे किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवरच उभे आहे. आजोबांचे म्हणणे इथे थोडे खरे करावे लागेल. दोन्हीकडच्या दोन संघटना एका टेबलाशी बसल्या की सारा देश बांधला जातो, हे लहान देशातच जमते. पण नुसते लहान असून भागत नाही, आधी माणसे संघटित असावी लागतात. आम्ही सहकारवाल्यांनी तरी हे विसरू नये.

आता बिलाची बाजू. १९४८ पासून तिथे प्रत्येक मुलामागे भत्ता मिळतो. गरीब-श्रीमंत असा दाखला लागत नाही, म्हणून तो बंद करा असे म्हणणारा कुणी उरत नाही. १९७४ साली बापालाही बाळंतपणाच्या रजेत वाटा मिळाला, तसे करणारा हा पहिलाच देश. हे सारे फुकट नव्हे. पैसा काही नुसत्या श्रीमंतांकडून येत नाही. बहुतेक वस्तूंवर पंचवीस टक्के विक्रीकर आहे आणि तो सगळेच भरतात. १९७६ साली लहान मुलांच्या लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांना कळले की वरच्या उत्पन्नावर त्यांना १०२ टक्के कर लागतो, म्हणजे शंभर कमवा आणि एकशे दोन भरा. त्यांनी वर्तमानपत्रात एक गोष्टच लिहून टाकली. त्याच वर्षी कामगार पक्ष चव्वेचाळीस वर्षांनी सत्तेवरून गेला. (मध्ये फक्त १९३६ चा एक उन्हाळा सुटला होता. तेव्हा पंतप्रधान कोण, तर आपले ब्राम्स्तोर्पकर!) १९९२ च्या सप्टेंबरात चलन वाचवण्यासाठी तिथल्या रिझर्व्ह बँकेने व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला. तरी नोव्हेंबरात चलन सोडावेच लागले. मग पेन्शन नव्याने बांधली, २००४ साली वारसा कर आणि २००७ साली संपत्ती कर रद्द केला. तिथल्या श्रीमंतांचे आता बरे चालले आहे.

शेतकऱ्याच्या पदरात पडलेला दर काही कायमचा राहिला नाही. १९९५ साली स्वीडन युरोपीय संघात गेला आणि दर ठरवणे ब्रुसेल्सकडे गेले. तिकडे साखर बीटापासून होते, तीही दक्षिणेच्या स्कोने भागात. २००६ पासून युरोपने साखरेचा आधारभाव ३६ टक्क्यांनी उतरवायला घेतला. त्याच वर्षी शोपिंगेब्रूचा कारखाना बंद पडला. आता सबंध देशात ओर्तोफ्ताचा एकच धुराडे उरले आहे. १९५० च्या सुमारास अडीच लाखांवर असलेले शेतकरी आज साठ हजारांच्या आत आहेत.

हा लेख टाईप करून झाल्यावर आमच्या शेतकी खात्यातल्या एका स्लिपबॉयने तो वाचला आणि विचारले, "साहेब, त्या गाईच्या सौद्यात दुसऱ्याच्या गोठ्यात राबणाऱ्याला काय मिळालं?"

प्रश्न बरोबर होता. १९३३ साली त्याला फारसे काही मिळाले नाही. मोठ्या जमीनदारांकडे 'स्तातारे' नावाचे मजूर असत. ठरलेले असे ते वर्षाच्या बोलीवर, नोव्हेंबर ते ऑक्टोबर. मजुरी बरीचशी दूध, धान्य, बटाटे, सरपण आणि एक खोली अशी. लग्न झालेला गडीच घेत, कारण बायकोने मालकाच्या गाई पिळायच्या ही अटच असे. पहाटेच्या त्या कामाला बायका 'पांढरा चाबूक' म्हणत. ऑक्टोबरअखेर बिऱ्हाड गाडीवर टाकून पुढच्या मालकाकडे. इवार लू-युहान्सन हे अशाच घरातले मूल. मोठेपणी त्यांनी या लोकांवर पुस्तके लिहिली आणि देशाला लाजवले. शेवटी १९४५ च्या ऑक्टोबरअखेर ही पद्धत बंद झाली, तीही कायद्याने नव्हे, तर शेतमजूर संघटना आणि जमीनमालक यांच्या कराराने. पुढे मजुरी रोख.

आपल्याकडे मुकादम उचल देतो ती जोडीला. रजिस्टरात आजही टोळीची नोंद कोयत्यावर होते आणि एका कोयत्यात माणसे असतात दोन. बायकोचे नाव आणि तिची मजुरी वेगळ्या रकान्यात लिहावी, अशी सूचना येत्या हंगामाच्या करारापूर्वी चर्चेला घ्यावी म्हणून आम्ही संचालक मंडळाकडे पत्र दिले आहे. सभासदांनी आपले मत गट ऑफिसात कळवावे.