बिल आहे, पण सापडत नाही!
संगणकातील फायलींना नावे कशी द्यावीत?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचे निम्मे दप्तर आता संगणकात गेले आहे. सूत खरेदीचे बिल मोबाईलवर येते, साडीच्या नव्या डिझाईनचे फोटो मोबाईलवरच काढले जातात आणि महिनाअखेर सर्व काही संगणकात ओतले जाते. मोबाईलने दिलेली आकड्यांची नावे तशीच राहतात. त्यावरून बिल कोणाचे, माल कोणता, काहीच कळत नाही.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. इतक्या वर्षांनी मागितलेले बिल वेळेवर सापडले नाही, तर ते असून नसल्यासारखेच.

नाव देताना आधी तारीख लिहावी, तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. मग व्यवहाराचा प्रकार, माल किंवा व्यापाऱ्याचे नाव आणि शेवटी बिल क्रमांक. उदाहरणार्थ, ‘२०२५-०४-०७-खरेदी-सूत-१४२’. संगणक नावाच्या सुरुवातीपासून क्रम लावतो. दिवस आधी लिहिला तर जानेवारीची १ तारीख आणि फेब्रुवारीची १ तारीख शेजारी येऊन बसतात. वर्ष आधी असले की रोजमेळाप्रमाणे क्रम आपोआप लागतो. महिना व दिवस नेहमी दोन आकडी लिहावा.

बिल क्रमांकात तिरपी रेघ चालते. फाईलच्या नावात मात्र विंडोज ती स्वीकारत नाही. तेथे आडवी रेघ द्यावी.

जुन्या शेकडो फायलींची नावे एकेक करून बदलण्याची गरज नाही. प्रथम एका प्रकारच्या फायली एका फोल्डरमध्ये घ्याव्यात, उदा. एका डिझाईनचे सर्व फोटो. तारखेप्रमाणे क्रम लावून पहिल्या फाईलवर क्लिक करावे, कंट्रोल व ए ही बटणे एकत्र दाबून सर्व फायली निवडाव्यात, मग एफ-२ दाबून नाव लिहावे आणि एंटर करावे. सर्वांना तेच नाव लागून पुढे कंसात १, २, ३ असे क्रमांक येतात. चूक झाली तर लगेच कंट्रोल व झेड दाबले की जुनी नावे परत येतात.

नावातील ठरावीक शब्दच बदलायचा असेल, तर मायक्रोसॉफ्टचे पॉवरटॉईज हे मोफत साधन घ्यावे. त्यातील पॉवररिनेम बदलापूर्वीच नवी नावे दाखवते. बिलांचे क्रमांक मात्र वेगवेगळे असल्याने ती आली त्याच दिवशी एकेक नाव देऊन ठेवलेली बरी.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण फोल्डरची एक प्रत पेन ड्राईव्हवर घ्यावी. तसेच नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे बदलू नयेत, नाहीतर फाईल उघडताना अडचण येते.

प्रत्येक आर्थिक वर्षाचा एक फोल्डर व त्यात खरेदी, विक्री, माल-फोटो असे तीन कप्पे लहान धंद्याला पुरतात. ठरवलेली पद्धत कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवावी. एकाच व्यापाऱ्याचे नाव मुनीमजी एक आणि मुलगा दुसरे लिहू लागले, तर शोधाशोध पुन्हा सुरू होईल.