जुन्या संगणकाची डागडुजी

पावसाळ्यापूर्वी घराची कौले परतावयास काढली म्हणजे जाणता कारागीर प्रथम आढे आणि वासे ठोकून पाहतो. कौलांचा विचार मागाहून करतो. वासाच आतून पोखरलेला असला तर वर नवी कौले चढवून काय होणार? खर्च मात्र होतो, आणि गळती तशीच राहते. खेळ खेळण्यासाठी घेतलेल्या जुन्या संगणकाची स्थिती ह्याहून फारशी निराळी नाही. श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा संगणक असेल. दहा-अकरा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने तो जुळवून घेतला. तेव्हा शाळेत असलेला मुलगा आता महाविद्यालयात जातो. नवा खेळ सुरू केला की पडद्यावरचे चित्र अडखळते, मध्येच गोठते, आणि नेमक्या त्याच क्षणी प्रतिपक्ष गोळी घालून मोकळा होतो. दुकानात चौकशी करावी तर उत्तर ठरलेले असते : "हे मशीन आता संपलं, नवीनच घ्या." नव्याचा आकडा ऐकून वडील गप्प बसतात. हातात असतात जेमतेम दहा हजार रुपये.

हे दहा हजार कोठे घालावेत, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. बहुतेक घरांत संगणक एकच असतो. रात्री ज्यावर खेळ चालतो त्यावरच दिवसा बहिणीचे परीक्षेचे अर्ज भरले जातात आणि वडिलांचे हिशेबही ठेवले जातात. चुकीच्या वस्तूवर पैसा गेला तर तो परत येत नाही. आणि घाईने बसविलेल्या एखाद्या भागामुळे यंत्रच बंद पडले, तर सगळ्या घराचे काम खोळंबते.

उदाहरणासाठी एक ठराविक जुळणी घेऊ. २०१४-१५ च्या सुमारास बेताच्या खर्चात खेळाचा संगणक घेणाऱ्यांत ही जुळणी पुष्कळ आढळे : इंटेलचा कोअर आय-५ ४४६० हा प्रोसेसर, एच-८१ जातीचा मदरबोर्ड, डीडीआर-३ जातीची ८ जीबीची एकच रॅमपट्टी, १ टीबीची फिरती हार्डडिस्क, आणि चित्रे रंगविण्यासाठी २ जीबीचे जीटीएक्स ७५० टीआय हे ग्राफिक कार्ड. त्या वेळी ही जुळणी कोणत्याही दृष्टीने कमी प्रतीची नव्हती.

खेळातील हालचाल डोळ्यांना सलग वाटावी म्हणून पडद्यावर दर सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटावी लागतात. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला एका सेकंदाच्या हजार भागांपैकी १६ ते १७ भाग एवढाच वेळ येतो. तेवढ्या अवधीत कोण कोठे उभा आहे, गोळी कोठे लागली, ह्याचा हिशेब प्रोसेसर करतो. लागणारी सामग्री रॅममध्ये तयार ठेवलेली असावी लागते. आणि त्या हिशेबावरून प्रत्यक्ष चित्र ग्राफिक कार्ड रंगविते. पंगतीत भात वेळेवर शिजला, पण वाढपी एकच असला, तर पाने रिकामीच राहतात. अशा वेळी आणखी एक आचारी आणून भागत नाही. जुन्या संगणकात पैसा वाया जातो तो बहुधा ह्याच रीतीने : वाढपी कमी पडत असतो आणि घरचे लोक आचारी शोधत हिंडतात.

सुदैवाने उणीव कोठे आहे हे पाहण्याची एक बिनखर्ची युक्ती आहे. खेळाच्या मांडणीत चित्राचा आकार १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणावा. पहिल्या आकारात सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके रंगवावे लागतात, तर दुसऱ्यात ९ लाख २१ हजार. ग्राफिक कार्डाचे काम अशा रीतीने निम्म्याहून कमी झाले. प्रोसेसरचा हिशेब मात्र जवळजवळ तेवढाच राहिला. आता चित्रांचा वेग चांगला वाढला, तर उणीव कार्डाची समजावी. वेग जागचा हलला नाही, तर कार्ड निर्दोष असून प्रोसेसर किंवा रॅम मागे पडते आहे. आणि वेगाची सरासरी बरी असूनही नव्या जागेत शिरताना, वळण घेताना क्षणभर सारे गोठत असेल, तर संशयाची सुई बहुधा हार्डडिस्ककडे किंवा अपुऱ्या रॅमकडे जाते. एवढी परीक्षा केल्यावाचून बाजारात पाऊल टाकू नये.

त्याआधी आणखी एक काम आहे, आणि ते पैशाचे नसून फडक्याचे आहे. दहा वर्षांत पेटीच्या आत धुळीचा थर बसतो. गोव्यासारख्या दमट हवेत तो चिकटतो आणि फुंकरीने जात नाही. प्रोसेसर व त्यावरील पंख्याची धातूची बैठक ह्यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा एक लेप असतो, तोही वाळून खडखडीत होतो. प्रोसेसरचे तापमान १०० अंशांच्या जवळ गेले की तो स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. ग्वाल्हेरच्या वैशाखात खोलीची हवाच तापलेली असते, तेथे ही वेळ लवकर येते. तेव्हा विजेची जोडणी काढून पेटी उघडावी, मऊ कुंचल्याने धूळ काढावी, पंख्याची पाती बोटाने धरून मगच हवेचा झोत मारावा, आणि नवा लेप लावावा. लेपाची लहान नळी काही शेकड्यांत मिळते. "संगणक म्हातारा झाला" अशी ज्याची तक्रार असते, तो कित्येकदा नुसता घुसमटलेला असतो.

आता खर्चाकडे वळू. पहिला मान एसएसडीचा. आपल्या उदाहरणातील हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. हवी ती माहिती सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकी चारांहून थोडा अधिक वेळ लागतो. सुई जागेवर सरकण्यास आणखी आठ-नऊ भाग. म्हणजे डिस्ककडे एक खेप घातली की एका चित्राचा बहुतेक सारा वेळ संपला! एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे हीच खेप हजार भागांपैकी एका भागाच्याही आत पुरी होते. सायबरपंक २०७७ ह्या खेळाच्या निर्मात्यांनी २०२३ साली किमान गरजांच्या यादीतून फिरती डिस्क काढून टाकली आणि एसएसडी आवश्यक ठरविली. त्याच वर्षी आलेल्या बाल्डर्स गेट ३ चीही अट तीच. एसएसडी बसविताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. एच-८१ मदरबोर्डावर डिस्क जोडण्याच्या सामान्यतः चार जागा असतात, परंतु त्यांपैकी दोनच वेगवान असतात. दुकानदाराने हाताला आली ती तार तशीच ओढून मंद जागेत खुपसली, तर निम्मा लाभ तेथेच गेला. जुनी डिस्क मात्र टाकू नये. छायाचित्रे व कागदपत्रे ठेवण्यास ती पुरते.

दुसरी वस्तू रॅम. ८ जीबीची एकच पट्टी असल्यास शेजारची जागा रिकामी असते. तेथे तशीच आणखी एक पट्टी बसविली की सामग्री ठेवण्याची जागा दुप्पट होते, आणि प्रोसेसरकडे जाणारी वाटही एकेरीची दुहेरी होते. १६०० वेगाच्या डीडीआर-३ रॅमची सैद्धांतिक क्षमता एका वाटेने सेकंदाला १२.८ जीबी, तर दोन वाटांनी २५.६ जीबी एवढी असते. ही पट्टी वापरलेली घेण्यास हरकत नाही. रॅम सहसा झिजत नाही. चालते तरी किंवा बिघडते तरी, आणि ती कशी आहे हे तपासणीच्या प्रोग्रॅमने एका रात्रीत कळते.

तिसऱ्या वस्तूचे नाव काढले की तरुण मंडळी तोंड वाकडे करतात. ती म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, बाजारच्या भाषेत एसएमपीएस. तिने खेळ तसूभरही वेगवान होत नाही, मित्रांना दाखविण्यासारखे तिच्यात काही नसते. आणि म्हणूनच सर्वांत अधिक घात तिच्यापायी होतो. स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर "४५० वॅट" असे ठळक अक्षरांत छापलेले असते. ते वाचून समाधान मानू नये. तिच्या बाजूस चिकटविलेल्या तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. समजा १४ अँपिअर आहेत. १४ ला १२ ने गुणले की १६८ वॅट होतात. प्रोसेसर आणि कार्ड ह्यांच्या वाट्याची खरी शिदोरी एवढीच. आय-५ ४४६० ची मर्यादा ८४ वॅट. त्यात जीटीएक्स १०६० सारखे १२० वॅटचे कार्ड घातले तर बेरीज २०४ होते. पहिले काही दिवस कदाचित निभावेल. मग एके रात्री भर खेळात यंत्र बंद पडेल, आणि जाताना मदरबोर्डही बरोबर नेईल. कार्डाला लागणारी सहा टोकांची तार नसली की जुन्या डिस्कच्या तारेला जोड लावून देणारे कारागीर सर्वत्र आहेत. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. '८० प्लस' चे प्रमाणचिन्ह असलेली साधी, नामांकित एसएमपीएस नवी घ्यावी. ही एक वस्तू मात्र वापरलेली घेऊ नये.

मग ग्राफिक कार्ड. परीक्षेत उणीव कार्डाचीच ठरली असेल, तर २०१९ साली निघालेले जीटीएक्स १६५० हे ह्या जुन्या मदरबोर्डाला मानवणारे कार्ड आहे. त्याची भूक ७५ वॅटची, आणि तेवढी वीज मदरबोर्डाच्या खाचेतूनच मिळू शकते. त्याच्या पुष्कळ नमुन्यांना निराळी तार लागत नाही. ७५० टीआयच्या २ जीबीऐवजी येथे ४ जीबी स्मृती मिळते. नव्यातले नवे तेच उत्तम, असे येथे धरून चालत नाही. २०२२ च्या जानेवारीत आलेले आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड वयाने लहान. परंतु मदरबोर्डाशी बोलण्यासाठी त्याला चारच मार्गिका दिलेल्या आहेत. नव्या मदरबोर्डावर त्या पुरतात. एच-८१ ची खाच दोन पिढ्या मागची असल्यामुळे त्याच चार मार्गिकांची वाहतूक तेथे चौथ्या हिश्श्यावर येते, आणि ४ जीबी स्मृती अपुरी पडताच खेळ रखडू लागतो. मोठी गाडी घेतली, पण गल्ली अरुंद, असा प्रकार! कोणतेही कार्ड घेण्यापूर्वी मदरबोर्डाचा बायोस शेवटच्या आवृत्तीवर आणून ठेवावा, हे वेगळे सांगावयास नको.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचे नेहरू प्लेस असो की सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, वापरलेल्या कार्डांना तोटा नाही. इथेरियम ह्या आभासी चलनाचे खनन अशा कार्डांवर रात्रंदिवस चाले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली आणि तो धंदा बसला. त्यानंतर कार्डांचे ढीग बाजारात आले. खाणीत राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही. पण त्याचे पंखे झिजलेले असतात. म्हणून कार्ड दुकानातच जोडावयास लावून अर्धा तास जड खेळ चालवावा, तापमान पाहावे, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेघा उमटतात का ते निरखावे. दुसरी फसवणूक अधिक बेमालूम असते. पुरातन कार्डाच्या आतील नोंदी बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआयसारखे नाव दिलेले आढळते. विंडोजलाही ते खरे वाटते. जीपीयू-झेड हा विनामूल्य प्रोग्रॅम चालविला म्हणजे अशी तोतया कार्डे बहुधा उघडी पडतात. ज्या विक्रेत्याला हा प्रोग्रॅम चालविण्याची हरकत वाटते, त्याच्याकडून उठून यावे.

दहा हजारांत ह्या साऱ्या वस्तू एकदम बसतीलच असे नाही. भाव आठवड्या-आठवड्याला हलतात. न बसल्यास एसएसडी, रॅम आणि एसएमपीएस आधी घ्यावी व कार्डासाठी सहा महिने थांबावे. ह्या क्रमाला कारण आहे. उद्या कधी मदरबोर्ड बदलण्याची वेळ आली तर प्रोसेसर आणि रॅम त्याच्याबरोबर जातात, कारण डीडीआर-३ ची पट्टी नव्या खाचेत बसतच नाही. एसएसडी, एसएमपीएस आणि कार्ड मात्र नव्या घरी नांदावयास जातात. म्हणूनच ज्याचा अंत मदरबोर्डाबरोबर आहे त्यावर थोडका आणि तोही वापरलेल्या मालाचा खर्च करावा. परीक्षेत प्रोसेसर मागे पडलेला दिसला, तर त्याच बैठकीत बसणारा आय-७ ४७७० कचेऱ्यांनी मोडीत काढलेल्या यंत्रांतून मिळतो. आय-५ ला चार हात. ह्यालाही चारच, पण तो एका वेळी आठ कामे धरतो. स्वस्त मिळाला तरच घ्यावा. त्यापलीकडे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे त्रिकूट एकत्र बदलण्याखेरीज मार्ग नाही; आणि २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मागणी वाढविल्यामुळे नव्या रॅमचे भाव भडकले, तेव्हा ते त्रिकूट बरेच महाग झाले.

राहता राहिली विंडोजची अडचण. विंडोज १० ची नेहमीची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते, आय-५ ४४६० हा चौथ्या पिढीतला. ज्या यंत्रावर घरचे बँकेचे व्यवहार होतात, त्यावर ही गोष्ट डोळ्याआड करण्याजोगी नाही. एक वाट लिनक्सची आहे. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली आणलेल्या प्रोटॉन ह्या साधनामुळे विंडोजसाठी लिहिलेले पुष्कळ खेळ लिनक्सवर चालतात. व्हॅलोरंट मात्र चालत नाही, आणि नेमके तेच ज्याला हवे असते त्या मुलाची समजूत घालणे कठीण जाते. अशा घरात नव्या एसएसडीवर लिनक्स घालून बँकेची व अर्जांची कामे त्यावर करावीत, आणि विंडोज जुन्या डिस्कवर केवळ त्या एका खेळासाठी ठेवावी. संगणक सुरू करताना कोणती हवी ते निवडता येते. तो खेळ पूर्वीसारखाच सावकाश उघडेल, एवढी तडजोड मुलाने करावयाची.