देवळालीच्या कापरेकरांची मूळ पुस्तकं शोधू या!

दोस्तांनो, कागद-पेन्सिल घेऊन बसा. कुठलीही चार अंकी संख्या लिहा. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. समजा, ३५२४ घेतली. याच अंकांची मोठ्यात मोठी संख्या बनवा, ५४३२. मग लहानात लहान, २३४५. आता वजाबाकी. आले ३०८७. पुन्हा तेच करा. ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा एकदा. ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर हाच प्रयोग केला तर? ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च! गाडी इथून पुढे हलतच नाही. सुरुवातीची संख्या कुठलीही असो, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच.

ही गंमत शोधून काढली आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीला शिक्षक होते. ६१७४ ला आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

ही माहिती तुम्ही कुठेतरी वाचलीही असेल. पण कापरेकरांनी स्वतः लिहिलेलं एखादं पान तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे?

मूळ पुस्तक कशाला हवं?

तुम्ही म्हणाल, माहिती मिळाली की झालं, मूळ पुस्तक शोधायची उठाठेव कशाला? त्याचं उत्तर लीलावतीच्या गोष्टीत आहे. भास्कराचार्यांच्या मुलीचं लग्न, मुहूर्तासाठी पाण्यात ठेवलेलं घटिकापात्र, त्याच्या भोकात अडकलेला मोती आणि टळून गेलेला मुहूर्त. ही गोष्ट आजीने नाहीतर बाईंनी नक्कीच सांगितली असेल. पण भास्कराचार्यांचा मूळ ‘लीलावती’ ग्रंथ उघडून पाहा. त्यात ही गोष्ट कुठेच नाही! तो ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. गोष्ट येते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी. मूळ ग्रंथात आहेत ती झकास गणितं. कमळांवर गेलेले भुंगे, सापावर झडप घालणारा मोर, वाऱ्याने मोडलेला बांबू! गोष्ट सगळ्यांना ठाऊक आणि गणितं मात्र राहिली बाजूला. सांगोवांगीने असंच होतं, बरं का!

ग्रंथ जपावे लागतात

साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी तो हाताने उतरवून काढला, शिकवला, जपला. याचा दगडावर कोरलेला पुरावा आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात सापडला. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावच्या शिलालेखात लिहिलं आहे, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्या मठाला १२०७ साली दान मिळालं. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा काही भाग चक्क जुन्या मराठीत! हा लेख अभ्यासकांपुढे आणला मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी. १८६५ साली आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्या काळाविषयी आणि ग्रंथांविषयी त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. पेशाने डॉक्टर, पण जुन्या पोथ्यांचा आणि शिलालेखांचा माग काढण्याचा नाद जबरदस्त!

आता कापरेकरांकडे वळू. त्यांची पुस्तकं काही ताडपत्रावर लिहिलेली नाहीत. ती आपल्या आजी-आजोबांच्या काळात छापलेली आहेत. मग ती सहज मिळायला हवीत, नाही का? पण गंमत अशी, की त्यांचं बरंचसं लेखन छोट्या नियतकालिकांत आलं, नाहीतर त्यांनी स्वतःच पुस्तिका छापून घेतल्या. त्या काळी अनेकांना त्यांची गणितं म्हणजे नुसता आकड्यांचा खेळ वाटे. ६१७४ वरचा त्यांचा लेख १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकेतल्या नियतकालिकात आला. ‘सेल्फ नंबर्स’, म्हणजे स्वयंभू संख्यांवरची इंग्रजी पुस्तिका मात्र १९६३ साली देवळालीहूनच निघाली. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात कापरेकरांच्या या कामाची ओळख करून दिली आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं. १९८६ साली कापरेकर गेले.

जाडजूड ग्रंथ कपाटात राहतो. पातळ पुस्तिका रद्दीत जायला मात्र एक दिवाळीची साफसफाई पुरते! म्हणून जुन्या पोथीइतकीच ही पुस्तकंही जपायला हवीत.

शोध कसा घ्यायचा?

सुरुवात घरापासून करा. आजोबा, शेजारचे काका, शाळेतले जुने सर यांना विचारा, ‘तुम्हाला कापरेकर सर शिकवायला होते का? त्यांची एखादी पुस्तिका आहे का?’ मग वाचनालयात जा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. तिथल्या ग्रंथपालांना नुसतं ‘गणिताचं जुनं पुस्तक’ म्हणू नका. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव आणि साल चिठ्ठीवर लिहून न्या, म्हणजे शोध सोपा होतो. पुस्तिका मिळाली, तर कोरड्या, स्वच्छ हातांनी उघडा. पहिलं पान नीट वाचा. कुठे छापली, कधी छापली, किंमत काय, सगळं वहीत टिपा. त्यावर पेनाने खुणा करू नका, चिकटपट्टी लावू नका. आईबाबांच्या मदतीने पानांचे फोटो काढून ठेवा.

पुण्याला गेलात, तर १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था बाहेरून तरी पाहून या. तिथे हजारो हस्तलिखितं जपून ठेवली आहेत. ‘लीलावती’ तर पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेली आहे, मराठी भाषांतरंही झाली आहेत. ती वाचनालयात मागता येतील.

तोवर कापरेकरांच्या स्वयंभू संख्यांची चव घ्या. एखादी संख्या घ्यायची आणि तिच्यात तिचेच अंक मिळवायचे. १५ अधिक १ अधिक ५, म्हणजे २१. म्हणून २१ ची ‘आई’ १५. पण २० ला अशी आई शोधून पाहा. सापडणारच नाही! म्हणून २० ही स्वयंभू संख्या. आता २१ ते ५० च्या दरम्यान अशा दोनच संख्या आहेत. त्या कोणत्या? शोधा पाहू!