छत आधी, एसी नंतर

वरच्या मजल्याचा फ्लॅट घ्यायचा असेल तर तो मे महिन्यात, रात्री अकरा वाजता जाऊन पाहा, असं मी गाझियाबादेत ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. दुपारी सगळीच घरं तापलेली असतात, त्यामुळे फरक कळत नाही. रात्री अकराला लू थांबलेली असते, बाहेरची हवाही जरा उतरलेली असते. तरी वरच्या मजल्यावर पंखा लावला की अंगावर गरम झोत येतो. स्टुलावर चढून छताला तळहात लावला तर चटका जाणवतो. दिवसभर उन्हात भाजलेला स्लॅब साठवलेली उष्णता आता खाली, घरात सोडत असतो.

मी मूळची नागपूरची, त्यामुळे उन्हाळा मला नवा नाही. लग्नानंतर इकडे आले आणि वास्तुविशारद म्हणून वसुंधरा, वैशाली, राजनगर एक्स्टेन्शन या भागांत काम करू लागले. मार्च संपत आला की वरच्या मजल्यांवरून फोन सुरू होतात. तक्रार ठरलेली: "मॅडम, एसी चलता तो है, ठंडा नहीं करता." तोवर मिस्त्री येऊन गॅस भरून गेलेला असतो, दीड टनाच्या जागी दोन टनाचा एसी घ्यायचं घरात ठरत आलेलं असतं. गच्चीवर जाऊन मात्र कोणी पाहिलेलं नसतं.

थोडं गणित मांडते. सहा इंची उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग भर उन्हात ६० अंशांपर्यंत सहज तापतो. खाली खोलीत आपल्याला २७ अंश हवे आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत अशा स्लॅबमधून, ढोबळ हिशेबाने, हजार वॅटहून अधिक उष्णता उतरू शकते. एक टनाचा एसी खोलीतून साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद नुसत्या छताशी झगडण्यात जाते. खिडक्या, पश्चिमेची भिंत आणि घरातली माणसं यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे.

आपल्या जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं. मराठवाड्यात, खानदेशात धाब्याच्या घरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा. इकडे पंजाब-दिल्लीच्या पट्ट्यात स्लॅबवर 'मड फस्का' घालत: भुसा मिसळलेली माती ठोकून बसवायची, वर शेणमातीचा गिलावा आणि त्यावर विटांच्या फरशा. ही छतं जड असत, वेळखाऊ असत, पण उष्णता अडवत. भराभर इमारती उभ्या राहू लागल्या तसा हा थर पातळ होत गेला. पुष्कळ ठिकाणी आता स्लॅबवर गळती थांबवण्यापुरता सिमेंटचा लेप तेवढा उरला आहे.

मातीच्या त्या थराचं काम आज कमी वजनात करणारा पदार्थ म्हणजे पॉलियुरेथेन फोम. जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली पॉलियुरेथेनचं रसायनशास्त्र शोधलं. आपल्या फ्रिजच्या भिंतींत हाच फोम भरलेला असतो, बाजारात त्याला 'पफ' म्हणतात. बटाट्याच्या शीतगृहांसाठी उत्तर प्रदेश प्रसिद्ध आहे, आणि नव्या शीतगृहांच्या भिंतींतही तो असतो. त्याच्या आत सूक्ष्म बंद कप्पे असतात आणि त्यांत वायू कोंडलेला असतो. म्हणून एक इंच चांगला फोम जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला सुमारे दीड मीटर जाडीचं काँक्रीट लागेल. वरच्या गणितातल्या खोलीवर दोन इंच फोम घातला तर हजार वॅटचे दीडशे-पावणेदोनशे उरतात.

फवारणीचं काम बघण्यासारखं असतं. खाली गाडीत दोन पिंपं, एकात पॉलिऑल, दुसऱ्यात आयसोसायनेट. दोन्ही रसायनं गरम नळ्यांतून वर येतात आणि बंदुकीच्या तोंडाशीच एकत्र होतात. स्लॅबवर पडताना पातळ पिवळसर फवारा दिसतो. बघता बघता तो फेसाळून वीस-तीस पट फुगतो आणि मिनिटभरात पाय देण्याइतका घट्ट होतो. पाइपांच्या बुडाशी, कठड्याच्या कोपऱ्यांत, टाकीच्या चौथऱ्याभोवती तो सलग बसतो, कुठे सांधा राहत नाही. कापून लावायच्या थर्माकोलसारख्या पाट्यांपेक्षा तो इथे सरस ठरतो.

मात्र परदेशातले व्हिडिओ पाहून कोणी घरात, छताच्या खालच्या बाजूने फोम मारून घेऊ नये. तिथली छपरं बहुधा लाकडी असतात, त्यांच्याखाली माळा असतो, म्हणून ते आतून फवारतात. ब्रिटनमध्ये अशा छपरांमुळे घरावर कर्ज मिळताना अडचणी येत आहेत, कारण फोमखाली लाकूड ओलं राहून कुजलं तर ते दिसतच नाही. आपल्या स्लॅबला फोम वरूनच हवा. ऊन बाहेरच अडतं, स्लॅब कमी तापतो आणि कमी आकुंचन-प्रसरण पावतो.

आधी गळती दुरुस्त करा, पाण्याचा उतार नीट करा, स्लॅब पूर्ण कोरडा होऊ द्या. होळीच्या आधीचे कोरडे दिवस या कामाला चांगले. फोम बंद कप्प्यांचाच हवा, उघड्या कप्प्यांचा फोम पाणी पितो. उन्हात फोम पिवळा पडून भुगा होतो, त्यामुळे तो कधीच उघडा ठेवू नये. गाझियाबादेत माकडंही तो उकरायला कमी करत नाहीत. वर जाळीचं कापड, सिमेंटचा थर आणि पांढरी चायना मोझॅक किंवा फरशी बसवली तर गच्ची पूर्वीसारखी वापरता येते.

आगीबद्दल स्पष्ट बोलते. हा फोम जळतो, आणि जळताना निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड असतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. तिथल्या बाहेरच्या आवरणात ज्वलनशील पत्रे आणि याच कुळातला फोम होता. म्हणून फोम सिमेंटखाली झाकलेलाच हवा आणि त्याच्या आगीच्या चाचणीचा कागद हातात हवा. फवारताना उडणारं आयसोसायनेट दम्याला कारण ठरतं. कामगारांना बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर काम थांबवा. तो माणूस आपल्या घरासाठी राबतो आहे, त्याची फुप्फुसं जपणं ही आपलीही जबाबदारी आहे. त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्यांनी दुसरीकडे राहावं, आणि खालच्या गाड्या झाकाव्यात, नाहीतर उडालेले थेंब रंगाला कायमचे चिकटतात.

कंत्राटदाराकडून चार गोष्टी लेखी घ्या: फोमची जाडी मिलिमीटरमध्ये, घनता (गच्चीसाठी घनमीटरला ४० किलो किंवा त्याहून जास्त), वरच्या आवरणाचा तपशील, आणि फुगवण्यासाठी वापरलेलं रसायन. ओझोनला मारक असलेलं एचसीएफसी-१४१बी भारताने १ जानेवारी २०२० पासून फोम उद्योगातून हद्दपार केलं आहे, ते कोणी वापरत असेल तर नकार द्या. सोसायटीची गच्ची बहुधा सामायिक असते, तेव्हा आरडब्ल्यूएची, म्हणजे रहिवासी संघाची, संमतीही घ्या.

फोमचा खर्च झेपत नसेल तर गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या. फरक त्याच उन्हाळ्यात जाणवतो. इथल्या धुळीने तो लवकर मळतो, म्हणून उन्हाळ्यात अधूनमधून धुवावा लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र रंग कामाचा नाही, फोम दोन्ही ऋतूंत घर राखतो.

केंद्राने डिसेंबर २०१८मध्ये 'इको निवास संहिता' आणली. तिच्यानुसार छतातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. उघड्या स्लॅबमधून त्याच्या तिपटीच्या आसपास जाते. नवा फ्लॅट घेताना लोक बिल्डरला मॉड्युलर किचन आणि पार्किंगबद्दल खोदून विचारतात. छतावर कोणता थर घातला आहे, किती जाडीचा, हेही तितक्याच ठामपणे विचारा. आणि घर जुनं असेल, तर यंदा एसीच्या दुकानात जाण्याआधी गच्चीवर जाऊन या. तिथला खर्च एकदाच होतो, मोठ्या एसीचं बिल मात्र दर उन्हाळ्यात येत राहतं.