तिकीट तपासणी, प्रवासी वाहनांतील

सार्वजनिक वाहनातून प्रवास करणाऱ्याने ठरलेले भाडे दिले आहे की नाही, याची प्रवासात अथवा उतरण्याच्या ठिकाणी केली जाणारी पडताळणी म्हणजे तिकीट तपासणी. तिकीट ही मूलतः भाडे मिळाल्याची पावती होय. ही पावती कोणाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा मानावयाची, यावरून तपासणीच्या दोन भिन्न पद्धती रूढ झाल्या आहेत. यूरोप-अमेरिकेतील अनेक शहरांच्या ट्रामगाड्यांत वाहक (कंडक्टर) नसतो. प्रवासी आधी तिकीट घेऊन कोणत्याही दाराने चढतो आणि तपासनीस अधूनमधून अचानक येऊन ते पाहतो. तेथे तपासणी होते ती प्रवाशाची. महाराष्ट्रातील राज्य परिवहनाच्या (एसटी) गाडीत मात्र तिकीट वाहक देतो, आणि मार्गावर गाडी थांबवून होणारी तपासणी प्रवाशाच्या हातातील तिकिटापासून सुरू झाली, तरी तिचा रोख बहुधा वाहकाकडे असतो. ज्या सातारा व सांगली जिल्ह्यांत ट्राम कधीच नव्हती आणि खेड्यापाड्यांचा प्रवास मुख्यत्वे एसटीवर अवलंबून राहिला, तेथे ही दुसरी पद्धत विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते.

इतिहास : भाडे घेणारा नोकर व भाडे ज्याला पोहोचावयाचे तो मालक हे वेगळे झाले, तेव्हा तिकिटाची गरज निर्माण झाली. टांगेवाला स्वतःच मालक असल्याने त्याला तिकीट लागत नसे. इंग्लंडमध्ये १८३० नंतरच्या दशकात टॉमस एडमंडसन या रेल्वे कर्मचाऱ्याने जाड पुठ्ठ्याची, अनुक्रमांक छापलेली तिकिटे प्रचारात आणली. तत्पूर्वी प्रत्येक तिकीट हाताने लिहून द्यावे लागे. अनुक्रमांकामुळे किती तिकिटे विकली गेली हे लगेच कळू लागले आणि कारकुनाजवळची रोकड त्याच्याशी ताडून पाहता येऊ लागली. म्हणजे आधुनिक तिकिटाची रचनाच, प्रवाशाइतकीच किंबहुना अधिक, ते विकणाऱ्यावर लक्ष ठेवण्यासाठी झाली होती.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा तीन आणे भाडे होते व तिकीट दिले जात नसे. पुढे भाडे दोन आण्यांवर आले, आणि फुकट प्रवास करणारे वाढू लागल्याने त्याच वर्षी तिकिटे देण्यास प्रारंभ झाला. १९०७ मध्ये विजेवरील ट्राम आली व ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील ट्राम कायमची बंद झाली. पश्चिम यूरोपातील शहरे ट्रामगाडीतून वाहकाला उतरवू लागली, तोही साधारण हाच काळ होय.

प्रवाशाची तपासणी : दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम यूरोपात मजुरीचे दर वाढले व माणसे मिळेनाशी झाली. गाड्याही लांब, जोडडब्यांच्या व अनेक दारांच्या झाल्या. अशा गाडीत एका वाहकाने सर्वांना तिकिटे देणे अशक्य, आणि सर्वांना चालकाजवळच्या दाराने चढावयास लावले तर प्रत्येक थांब्यावर खोळंबा. म्हणून १९६० नंतरच्या दशकात जर्मन भाषिक प्रदेशातील शहरांनी वाहक काढून टाकण्याचा मार्ग धरला. थांब्यावर तिकिटयंत्र, गाडीत तिकिटावर वेळेचा शिक्का उमटविणारे यंत्र आणि सापडल्यास जबर दंड, अशी ही योजना आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो व कॅनडातील कॅल्गरी येथे १९८१ मध्ये सुरू झालेल्या विद्युत् गाड्यांनी ती पत्करली आणि त्या खंडात तिचा प्रसार झाला.

या पद्धतीचे गणित सोपे आहे. सापडण्याची शक्यता व दंड यांचा गुणाकार भाड्यापेक्षा कमी असेल, तर फुकट प्रवास निव्वळ हिशेबाने स्वस्त पडतो. मुंबईची उपनगरी रेल्वे याच तत्त्वावर चालते. तेथे फलाटावर कोणीही जाऊ शकतो व तिकीट तपासनीस (टीसी) केव्हा भेटेल याचा नेम नसतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १३८ नुसार विनातिकीट प्रवाशाकडून भाडे व त्याखेरीज निदान २५० रुपये घेतले जातात. दहा रुपयांचे तिकीट चुकविणारा दर सव्वीस खेपांत एकदा सापडला, तर त्याचा खर्च प्रामाणिक प्रवाशाइतकाच होतो. त्याहून क्वचित सापडला, तर तो फायद्यात राहतो. स्टॉकहोममध्ये २००१ साली स्थापन झालेल्या ‘प्लांका’ या गटाने तर सभासदांकडून दरमहा वर्गणी घेऊन त्यांचे दंड सामायिक निधीतून भरण्याची व्यवस्था केली. दंडाचा धाक विमा उतरवून घालविण्याचाच हा प्रकार होय. बहुसंख्य लोक तरीही तिकीट काढतात, याचे श्रेय गणितापेक्षा सवयीला व चारचौघांत होणाऱ्या शोभेच्या भीतीला द्यावे लागेल.

ज्याच्याजवळ दंड भरण्यास पैसे नसतात, त्याच्यापाशी हे गणित थांबते. जर्मनीत २०१५ पासून हा दंड ६० यूरो आहे. शिवाय भाडे चुकवून प्रवास करणे हा तेथील दंडसंहितेच्या कलम २६५अ खाली गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. न्यायालयाने केलेला दंड न भरल्यास त्याऐवजी तुरुंगात जावे लागते. त्यामुळे काही यूरोंच्या भाड्यापायी राज्याला कैद्याचा कितीतरी पट अधिक खर्च सोसावा लागतो आणि हा गुन्हा रद्द करावा, ही मागणी तेथे वारंवार होते. लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशातील सार्वजनिक वाहतूक मोफत करून प्रश्नच निकालात काढला. तथापि लहान व संपन्न देशालाच परवडणारा असा हा उपाय आहे. [→ ट्राम].

वाहकाची तपासणी : महाराष्ट्रातील पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. १९५० च्या रस्ता परिवहन महामंडळ अधिनियमाने राज्यांच्या महामंडळांना कायदेशीर चौकट मिळाली. सांगली संस्थान त्याच सुमारास विलीन झाले होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. खाजगी सर्व्हिस मोटारींच्या काळात मालक वा त्याचा विश्वासू माणूस गाडीबरोबर असे. महामंडळाच्या गाडीबरोबर मालक नसतो. जावळीच्या घाटातून मेढ्याला येणारी, कोयना खोऱ्यातून पाटणला उतरणारी किंवा जत तालुक्याच्या माळावरून आटपाडीकडे जाणारी गाडी दिवसभर आगारापासून दूर असते. मुक्कामी गाडीचा वाहक तर जमलेल्या रकमेसह खेड्यातच रात्र काढतो. या अंतरामुळेच महामंडळाने तिकिटाभोवती नोंदींची एवढी मोठी व्यवस्था उभी केली.

एसटीचे भाडे टप्प्यांवर आकारले जाते व एक टप्पा ६ किमी. चा असतो. यंत्रे येण्यापूर्वी वाहकाच्या पेटीत निरनिराळ्या किंमतींच्या छापील तिकिटांचे गठ्ठे असत. मागितलेल्या गावापर्यंतचे भाडे एका वा अनेक तिकिटांनी पुरे करून वाहक त्यांवर चिमट्याने छिद्र पाडी. ‘वे-बिल’ या नोंदपत्रावर प्रत्येक किंमतीच्या तिकिटांचे आरंभीचे व अखेरचे अनुक्रमांक लिहावे लागत. मार्ग तपासणी पथक वाटेतील एखाद्या फाट्यावर गाडीला हात दाखवी, दारात उभे राहून उतरणाऱ्याचे तिकीट पाही, आतील माणसे मोजी आणि ती संख्या अनुक्रमांकांशी जुळते का, हे ताडून पाही. भाडे घेऊन तिकीट न देणे, कमी किंमतीचे देणे आणि प्रवाशाने टाकलेले तिकीट पुन्हा विकणे, हे वाहकाचे मुख्य अपराध मानले जात. प्रवाशाचे अपराध त्यामानाने साधे : अलीकडच्या गावाचे तिकीट काढून पलीकडे जाणे, किंवा बारा वर्षे उलटलेल्या मुलाचे अर्धे तिकीट मागणे.

दोघांचीही जबाबदारी कायद्याने मानली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२४ नुसार तिकिटाशिवाय प्रवास करता येत नाही. मात्र तिकीट गाडीतच मिळत असेल, तर चढल्यावर शक्य तितक्या लवकर वाहकाला भाडे देणे पुरेसे असते. कलम १७८ अन्वये विनातिकीट प्रवाशाला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे आणि भाडे घेऊन तिकीट न देणाऱ्या वाहकालाही तो आहे. पण प्रत्यक्ष परिणाम समान नाहीत. प्रवासी दंड भरून उतरतो. वाहकावर मात्र खात्याची चौकशी बसते व तीत नोकरी जाऊ शकते. अपहाराची रक्कम काही रुपयांची असली, तरी प्रश्न रकमेचा नसून विश्वासाचा आहे, अशी परिवहन महामंडळांची भूमिका असते. हरयाणा राज्य विरुद्ध रतन सिंग या १९७७ च्या प्रकरणात पथकाने प्रवाशांचे जबाब नोंदविले नव्हते, एवढ्यावरून वाहकाची बडतर्फी रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. खात्याच्या चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत. विश्वसनीय असा काही पुरावा पुढे असणे पुरेसे आहे, हे त्या निर्णयाचे सार होय. व्यवहाराच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे, कारण फाट्यावर उतरून बाजाराकडे गेलेला प्रवासी चौकशीत साक्षीला सापडणे कठीण. तथापि ज्याच्या म्हणण्यावरून आरोप उभा राहतो तोच समोर येत नाही, ही वाहकाची तक्रारही निराधार म्हणता येणार नाही.

तपासणीत वाहकाजवळ हिशेबापेक्षा अधिक रोकड सापडणे हे संशयाचे कारण ठरते. म्हणून कामावर चढताना जवळची खाजगी रक्कम आधी नोंदविण्याचा दंडक परिवहन सेवांमध्ये आढळतो. तेथेच सुट्ट्या पैशांचा प्रश्न उभा राहतो. सुटे नसले की वाहक तिकिटाच्या पाठीमागे देणे असलेली रक्कम लिहून देतो व उतरताना ती चुकती करतो. तोपर्यंत ती रक्कम त्याच्या पिशवीत जास्तीची असते आणि तिचे स्पष्टीकरण प्रवाशाच्या हातातील त्याच कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले असते. पुढच्या बाजूने वाहकाला पारखणारे तिकीट मागच्या बाजूने त्याचा बचाव करते. मांढरदेवीच्या वा पालीच्या यात्रेच्या दिवसांत, पाय ठेवावयास जागा नसलेल्या गाडीत पुढचा टप्पा येण्याच्या आत सर्वांना तिकिटे देणे किती अवघड असते, हे त्या गाडीतून प्रवास केलेल्यास सांगावयास नको. अशा वेळी राहून गेलेले तिकीट आणि बुडविलेले तिकीट यांतील भेद मोजदादीवरून कळत नाही. तो पथकातील अधिकाऱ्याच्या विवेकावरच सोपवावा लागतो.

यंत्रे व सवलती : इलेक्ट्रॉनिक तिकिटयंत्रांनी चिमटा व पेटी यांना निवृत्त केले. तिकिटावर वेळ व टप्पा आपोआप छापला जात असल्याने जुने तिकीट पुन्हा विकणे जवळजवळ अशक्य झाले. अलीकडे मोबाइलवरून भाडे देण्याची सोय झाल्यावर सुट्ट्यांचा प्रश्नही काहीसा सौम्य झाला. तिकीटच न देण्याचा प्रकार मात्र यंत्राला रोखता येत नाही. सवलतींमुळे तिकिटाला आणखी एक अर्थ आला आहे. ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास मिळतो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाले. ज्याच्याकडून काहीच घ्यावयाचे नाही, त्या वृद्ध प्रवाशालाही वाहक शून्य रकमेचे तिकीट देतो, कारण सवलतीची भरपाई शासनाकडून मागताना तोच आधार असतो. येथे पावती प्रवाशाने दिलेल्या पैशांची नसून शासनाकडून येणे असलेल्या पैशांची असते, आणि तपासनिसाला तिकिटाबरोबर वयाचा दाखलाही पाहावा लागतो.

वाहकाविना धावणारी एसटीही या भागात आहे. सातारा ते पुण्यातील स्वारगेट या सु. ११० किमी. च्या मार्गावरील विनाथांबा, विनावाहक गाडीत तिकीट गाडी सुटण्यापूर्वी स्थानकावरच घ्यावे लागते. ट्रामशी असलेले तिचे साम्य वरवरचे आहे. ट्रामची दारे दर थांब्यावर उघडतात व कोण केव्हा चढला हे कोणी पाहत नाही. ही गाडी एकदा सुटली की थेट स्वारगेटलाच थांबते. त्यामुळे प्रवाशांना एकेकटे गाठण्याची गरज राहत नाही. तपासणी झालीच तर ती बसलेली माणसे व विकलेली तिकिटे यांच्या मोजणीपुरती असते, आणि त्यांत अंतर पडल्यास, वाटेत कोणाला घेतले, हा प्रश्न चालकाला विचारला जातो.