एक चाबूक, चार घराणी

खापरच्या बाजारातून डोक्यावर ओझे घेऊन निघालेल्या बाईला "थोडा व्यायाम करत जा" म्हटले, तर ती हसेल. दिवसभर राबतोच की! खरे आहे. पण उसतोड असो की निंदणी, कंबर सारखी पुढेच वाकलेली असते. छाती उघडून, हात पसरून उभे राहणे त्यात नाही. म्हणून भगिनींनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी चीनमधल्या ताय ची या संथ व्यायामाची एक अवस्था समजून घ्यावी.

तिचे नाव 'तान प्येन', म्हणजे एकेरी चाबूक. उजव्या हाताची पाचही बोटे चिमटीत हळद धरावी तशी जुळवून मनगट खाली वाकवायचे. डावा पाय पुढे टाकून अंगाचा भार सावकाश त्यावर न्यायचा आणि डावा तळवा समोर ढकलायचा. १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्याने नवशिक्यांसाठी २४ हालचालींचा सोपा संच बसवला. त्यातही ही अवस्था दोनदा येते.

खानदेशात खापरावरची पुरणपोळी घरोघर तीच, पण प्रत्येकीचा हात वेगळा. तसेच इथेही. चेनजियागौ गावचे चेन घराणे ही अवस्था पाय फाकवून, बरेच खाली बसून करते. त्यांची विद्या सहसा घराबाहेर जात नसे. विद्या कोंडून ठेवण्याची रीत आपल्याला काही नवी नाही! यांग लूचान (१७९९-१८७२) हा परका माणूस तेथे शिकला. तो त्या गावी नोकर होता, लपून पाहून शिकला, असेही सांगतात. त्याच्या पद्धतीत पुढचा गुडघा वाकतो, मागचा पाय लांब राहतो. यांगांकडून शिकलेल्या वू घराण्यात घोड्यावर बसल्यासारखे दोन्ही गुडघे वाकवतात. सुन लुथांग (१८६०-१९३३) यांनी तर चिमूटच सोडून दिली. दोन्ही तळवे उघडे, आणि अंग बरेचसे ताठ.

आपल्या कामाची पद्धत हीच. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर पॉल लॅम यांना स्वतःला संधिवात होता. त्यांनी १९९७ मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी व्यायामक्रम तयार केला, तो सुन पद्धतीवरच. चित्रात मात्र खाली बसलेला चेन पद्धतीचा पहिलवान दिसतो, आणि आपण त्याचीच नक्कल करायला जातो. ओझी वाहून झिजलेल्या गुडघ्यांना ते सोसत नाही.

फायदा आहे तो भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेण्यात. त्याने तोल सुधारतो. वृद्धांच्या पडण्यावरील अनेक प्रयोगांचा २०१९ मध्ये आढावा घेतला गेला. ताय ची करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी दिसले, अर्थात हा पुरावा अजून पुरेसा भक्कम मानला जात नाही.

आजीला करायचे असेल तर ओट्यावर नको, सपाट जमिनीवर, अनवाणी, हाताशी खाट किंवा भिंत ठेवून. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वळावा, त्यांच्या पुढे जाऊ नये. श्वास रोखू नये. दुखू लागले की पाऊल आखूड घ्यावे. तरीही दुखले, तर खुर्चीवर बसून नुसते हात चालवावेत.